रेडवुडच्या रानात शीतही सांडू नये

कॅलिफोर्नियातल्या बिग बेसिन रेडवुड्स स्टेट पार्कच्या नोंदणीच्या खिडकीवर 2019 च्या जूनमध्ये आम्हांला दोन कागद मिळाले. एक गाडीच्या काचेमागे ठेवायची पावती होती आणि दुसरे एका पक्ष्याविषयीचे पत्रक होते. मुक्कामाच्या जागेवर अन्नाचा एक कणही मागे राहता कामा नये, असे त्यात बजावले होते. कचरा करू नये ही सूचना आपण सगळीकडे वाचतो आणि वाचून पुढे जातो; इथे मात्र भर कचऱ्यावर नव्हता, कणावर होता. शेजारी उभ्या असलेल्या आईने विचारले, "काय म्हणतायत?" मी म्हणाले, "जेवताना शीतसुद्धा सांडायचं नाही म्हणतायत." आईला ते फार पटले. "बरोबरच आहे," ती म्हणाली, "अन्न सांडूच नये." हा अन्नाच्या मानाचा नियम आहे, असे तिला वाटले. तो कशासाठी आहे हे नीट उमजायला आम्हांला पुढचा दीड दिवस लागला, आणि मला मुख्यतः त्या दीड दिवसाविषयीच लिहायचे आहे.

आई-बाबा त्या वर्षी दुसऱ्यांदा वाईहून आमच्याकडे सनीव्हेलला येणार होते. पहिल्या खेपेला पूल, मंदिरे, विद्यापीठे आणि दुकाने पाहून झाली होती. या वेळी बाबांनी फोनवर स्पष्ट सांगितले होते की त्यांना रान पाहायचे आहे, आणि तेही गाडीतून नाही, तर तिथे राहून. बाबांनी पाटण तालुक्यातल्या शाळांत तीस वर्षे शिकवले आहे; कोयनेच्या खोऱ्यात पायी हिंडल्यामुळे झाड दिसले की आधी त्याच्या सालीवर हात ठेवायची त्यांची सवय आहे. त्यांच्यासाठी लांबचे राष्ट्रीय उद्यान निवडण्यापेक्षा घरापासून दीड तासावरचे राज्य उद्यान बरे, असे आम्ही ठरवले. राष्ट्रीय उद्याने केंद्र सरकारची असतात. स्टेट पार्क त्या त्या राज्याचे असते. कॅलिफोर्नियात अशी पावणेतीनशेच्या आसपास स्थळे आहेत, आणि बिग बेसिन हे त्यांतले सर्वांत जुने, 1902 सालचे उद्यान आहे.

राज्य उद्यानात राहायचे असेल तर जागेची नोंदणी सहा महिने आधी सुरू होते. ज्या तारखेला मुक्काम करायचा, तिच्या बरोबर सहा महिने आधी सकाळी आठ वाजता संकेतस्थळ त्या दिवसाचे आरक्षण खुले करते. आम्हांला 14 जूनच्या शुक्रवारपासून दोन रात्री हव्या होत्या, म्हणून 14 डिसेंबरच्या सकाळी मी आणि नवरा दोन संगणक उघडून बसलो होतो. आदल्या आठवड्यात नकाशा पाहून मी चार जागांचे क्रमांक लिहून ठेवले होते: शौचालयापासून फार लांब नको, कारण बाबांना रात्री उठावे लागते, उतारावर नको, गाडी लावायची जागा आणि तंबूची जागा यांत पायऱ्या नकोत. आठ वाजून काही सेकंदांतच पहिल्या दोन जागा गेल्या. तिसरी मिळाली, ब्लूम्स क्रीक नावाच्या ओढ्याकाठची. रात्रीचे 35 डॉलर आणि वर आरक्षणाचा आकार पडला. एका जागेवर आठ माणसांना राहता येत असे. आम्ही सहा जण होतो. ज्यांना सहा महिने आधी काही ठरवता येत नाही, त्यांनी निराश होऊ नये, असे मला अनुभवाने सांगावेसे वाटते. लोक ऐनवेळी जागा सोडतात, आणि मुक्कामाच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत रोज पाहत राहिले तर आठवड्याच्या मधल्या वारांच्या जागा पुष्कळदा हाती लागतात.

तयारीविषयी एकच गोष्ट सांगते. तंबू आम्ही भाड्याने आणला होता आणि तो निघण्याच्या आठ दिवस आधी मागच्या अंगणात उभा करून पाहिला. एका काठीचा सांधा चिरलेला निघाला. दुकानाने ती बदलून दिली, पण हे रानात संध्याकाळी कळले असते तर आई-बाबांना गाडीत झोपावे लागले असते. त्यानंतर आजवर आम्ही अंगणात उभारून पाहिल्याशिवाय एकही तंबू नेलेला नाही.

स्वयंपाकाचे आईने ठरवले. पहिल्या रात्रीसाठी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी, सकाळी पोहे, दुपारी दशम्या, दुसऱ्या रात्री मऊ भात, मेतकूट आणि पिठले, आणि मधल्या वेळेला मुलांसाठी मोठा डबाभर चिवडा. या यादीतला प्रत्येक पदार्थ सांडणारा आहे, हे तेव्हा कोणाच्याच लक्षात आले नाही. बाबांनी आपल्या परीने मदत म्हणून अंगणातल्या जर्दाळूच्या छाटलेल्या वाळक्या फांद्यांच्या दोन मोळ्या बांधून गाडीत टाकल्या. वाईला सहलीला जाताना सरपण घरून न्यायचे नाही, हे त्यांना उधळेपणाचे वाटले असते.

साराटोगा गावापासून महामार्ग 9 डोंगर चढू लागतो आणि खिंड ओलांडल्यावर 236 क्रमांकाचा रस्ता उद्यानाकडे वळतो. हा रस्ता काही ठिकाणी इतका अरुंद आहे की समोरून गाडी आली तर एकाला थांबावे लागते. फोनची रेंज इथेच जाते, म्हणून आरक्षणाचा कागद छापून घ्यावा आणि घरच्यांना आधीच कळवून ठेवावे. सांताक्रूझ डोंगररांगेतली वळणे आईला आंबेनळीच्या घाटासारखी वाटली. तिने आवळासुपारी तोंडात धरून डोळे मिटले ते मुख्यालयापाशीच उघडले.

जागा दुपारी दोननंतर ताब्यात मिळत असे. खिडकीवरच्या रेंजर बाई पत्रक देऊन थांबल्या नाहीत. गाडीत सरपण आहे का, असे त्यांनी विचारले. आम्ही आहे म्हटल्यावर त्या बाहेर आल्या, मोळ्या पाहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या की हे कृपा करून इथे उतरवू नका, जसे आहे तसे परत घेऊन जा. घरच्या लाकडात कीड असते, बुरशी असते. ती एका रानातून दुसऱ्या रानात सरपणाच्या गाठोड्यातून प्रवास करते. या भागातली ओकची झाडे ज्या रोगाने मोठ्या प्रमाणावर मेली आहेत, तोही माणसांच्या हालचालीबरोबर पसरतो. आणि रानातली पडलेली काटकी गोळा करायलाही मनाई आहे, कारण ती कुजून जमिनीतच जायची असते. बाबांना मी हे मराठीत सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "आपल्याकडे गुरांना घटसर्प झाला की गावाबाहेरचा चारा आणत नसत. तसंच हे." त्यांनी स्वतः मोळ्यांवर चादर टाकली आणि आम्ही तिथल्याच दुकानातून सरपणाचा एक भारा विकत घेतला.

आमच्या जागेवर एक जाड लाकडी मेज होते, त्याला जोडलेली बाके होती, लोखंडी कड्याची चूल होती आणि जमिनीत पक्के बसवलेले लोखंडी कपाट होते. अन्न, साबण, टूथपेस्ट, वास येणारे जे काही असेल ते सारे त्या कपाटात ठेवायचे आणि कडी लावायची. या डोंगरात अस्वले नाहीत; कपाट रॅकूनसाठी आहे, उंदरांसाठी आहे आणि पक्ष्यांसाठी आहे. तंबूच्या मेखा ठोकताना माती इतकी मऊ लागली की दगडाची गरज पडली नाही, कारण ती माती नव्हतीच, वर्षानुवर्षे पडलेल्या रेडवुडच्या पानांचा तो थर होता. मेख हाताने दाबली की आत जाई आणि तितक्याच सहज बाहेर येई. शेवटी प्रत्येक मेखेवर नवऱ्याने ओढ्यातला एकेक गोटा ठेवला आणि निघताना ते गोटे आठवणीने ओढ्यात परत नेले.

रेडवुडविषयी पुष्कळ वाचून गेले तरी त्याच्या बुंध्यापाशी उभे राहिल्यावर वाचलेले काही उपयोगी पडत नाही. ही जगातली सर्वांत उंच झाडे आहेत आणि ती फक्त ऑरेगनच्या नैर्ऋत्य टोकापासून कॅलिफोर्नियाच्या बिग सरपर्यंतच्या किनारपट्टीत नैसर्गिकरीत्या वाढतात. साल फूटभर जाड होते, हाताला नारळाच्या काथ्यासारखी लागते. एवढ्या झाडाचे फळ मात्र जांभळाएवढे असते. बाबांनी एक फळ तळहातावर घेऊन पुष्कळ वेळ पाहिले आणि होते तिथेच ठेवले.

पहिल्या रात्री आई मला हाक मारून म्हणाली, "पाऊस लागलाय गं, कपडे आत घे." तंबूवर खरोखरच टपटप होत होती. मी बाहेर येऊन पाहिले तर चार पावलांवरच्या रस्त्यावर काहीच पडत नव्हते. पाणी फक्त झाडाखाली गळत होते. उन्हाळ्यात इथे पाऊस पडत नाही, पण रात्री समुद्रावरून धुके वर चढते, उंचावरच्या पानांवर त्याचे थेंब धरतात आणि ते थेंब झाडाच्या मुळांशी पडतात. कोरड्या महिन्यांत ही झाडे जे पाणी पितात त्यातला मोठा वाटा या धुक्याचा असतो. आईला बाहेर आणून मी दोन्हींकडे तिचा हात धरला: झाडाखाली ओला झाला, रस्त्यावर कोरडा राहिला. "म्हणजे स्वतःचं पाणी स्वतःच काढतंय," ती म्हणाली आणि शाल गुंडाळून तिथेच बाकावर बसून राहिली.

शनिवारची सकाळ मात्र अवघड गेली. आई घरी रोज स्वयंपाक झाला की पहिल्या वाफेचा घास गच्चीच्या कठड्यावर कावळ्यासाठी ठेवते. तिच्या सासूबाईही तसेच करीत. पोहे झाल्यावर तिने हाताच्या सवयीने मेजाच्या कोपऱ्यावर कागदाच्या तुकड्यावर एक घास ठेवला, आणि मी काही बोलण्याआधीच एक पक्षी खाली उतरला. डोके काळे, त्यावर उभा तुरा, बाकी अंग गर्द निळे. साळुंकीपेक्षा मोठा, कावळ्यापेक्षा लहान. त्याने घास अर्धा उचलला, अर्धा विखुरला आणि पाठोपाठ आणखी दोन पक्षी आले. आईचा चेहरा उजळला होता. "निळा कावळा!" ती म्हणाली, आणि तिचे म्हणणे बरोबर होते, कारण स्टेलर्स जे हा पक्षी कावळ्याच्याच कुळातला आहे. मी धावत जाऊन कागद उचलला, जमिनीवरचे पोहे वेचायला लागले आणि म्हणाले, "आई, इथे नाही घालायचं." आवाज माझ्याही नकळत चढला असावा. आईने काही उत्तर दिले नाही. तिने ताटली खाली ठेवली आणि पोहे खाल्ले नाहीत.

मला नियम माहीत होता, कारण पत्रक मी वाचले होते. पण तो तिला पटेल असा सांगण्याइतका मला स्वतःला कळलेला नव्हता. पाखराच्या तोंडातला घास काढून घेऊ नये, असे शिकवत ज्या बाईने मला वाढवले, तिला मी एका छापील कागदाच्या आधारावर थांबवले होते.

दुपारी आम्ही मुख्यालयाजवळची रेडवुडची छोटी फेरी केली. ही वाट सपाट आहे आणि एक किलोमीटरच्या आसपास असल्यामुळे गुडघे दुखणाऱ्या माणसालाही जमते. 'मदर ऑफ द फॉरेस्ट' हे प्रचंड उंच झाड याच वाटेवर आहे. 'चिमनी ट्री' हे झाड जुन्या आगीत आतून पोकळ झालेले आहे. आत उभे राहून वर पाहिले की धुराड्यातून दिसावे तसे आकाशाचे वाटोळे दिसते, आणि तरीही बाहेरून ते झाड हिरवे होते. बाबांना या उद्यानाचा जन्म कसा झाला ते फलकांवर वाचायचे होते, म्हणून मी एकेक ओळ त्यांना मराठीत सांगत गेले. 1900 साली अँड्र्यू हिल नावाचे छायाचित्रकार फेल्टन गावाजवळच्या रेडवुडच्या राईत छायाचित्रे काढायला गेले असता तिच्या मालकाने त्यांना अडवले. ही झाडे सर्वांची असली पाहिजेत, या विचाराने ते पेटले, त्यांनी माणसे जमवली, याच रानात मुक्काम केला आणि सेम्परव्हायरन्स क्लबची स्थापना केली. दोन वर्षांत राज्याने 3,800 एकरांचे जंगल लाकूडतोडीतून सोडवून घेतले होते. आपल्याकडे देवराई राखली ती देवाच्या धाकाने, असे बाबा नेहमी म्हणतात. इथे देव नव्हता, तरी राखली गेली, या गोष्टीचे त्यांना मोठे अप्रूप वाटले.

संध्याकाळी शेकोटीभोवती रेंजरचे व्याख्यान होते. लाकडी ओंडक्यांच्या बाकांवर पन्नास-साठ माणसे बसली होती. आई यायला तयार नव्हती, पण नातीने हात धरून आणली. व्याख्यानाचा विषय तोच पत्रकातला पक्षी होता, मार्बल्ड मरलेट. मी आईच्या कानाशी बसून हळू आवाजात सांगत होते.

हा समुद्री पक्षी आहे. साळुंकीएवढा, गुबगुबीत, त्याचे सारे आयुष्य लाटांवर जाते आणि तो मासे खाऊन जगतो. पण अंडे घालायला तो समुद्राकाठ सोडून कित्येक किलोमीटर आत, जुन्या जंगलात येतो. घरटे बांधत नाही. शेकडो वर्षे वय झालेल्या झाडाची फांदी इतकी रुंद होते की तिच्यावर शेवाळाची गादी जमते. त्या गादीतल्या खळग्यात अंडे ठेवतो. नर आणि मादी आळीपाळीने उबवतात, आणि पिल्लू झाले की पहाटेच्या आणि संध्याकाळच्या अंधुक उजेडात समुद्रावरून मासा आणून त्याला भरवतात. ही गोष्ट इतकी गुप्त होती की त्याचे घरटे कुठे असते हे शास्त्रज्ञांना कित्येक वर्षे सापडत नव्हते. 1974 साली याच बिग बेसिनमध्ये, एका झाडावर छाटणीसाठी चढलेल्या माणसाला उंच फांदीवर एक पिल्लू बसलेले दिसले, तेव्हा कोडे सुटले.

"अंडी किती घालतो?" आईने विचारले. मी तिचा प्रश्न मोठ्याने इंग्रजीत विचारला.

"एक," रेंजर बाई म्हणाल्या. "वर्षाला एक."

पुढचे त्यांनी फार सोप्या शब्दांत सांगितले. रानात स्टेलर्स जे, म्हणजे आईचे निळे कावळे, मुळात थोडे असतात. जिथे माणसे जेवतात तिथे त्यांना आयते खायला मिळते, म्हणून मुक्कामाच्या जागांभोवती त्यांची आणि डोमकावळ्यांची संख्या खूप वाढते. आणि पोट भरल्यावर ते झाडांवर हिंडतात, फांद्या हुडकतात आणि ते एकुलते अंडे किंवा पिल्लू सापडले की खातात. मेजावरच्या कणाने मरलेटला थेट काही होत नाही. कण खाऊन निळा कावळा वाढतो आणि निळा कावळा अंडे खातो. 1992 पासून हा पक्षी कायद्याने संरक्षित आहे, जंगले तुटल्यामुळे आधीच थोडा उरला आहे, आणि जी जुनी झाडे त्याच्यासाठी उरली आहेत त्यांच्याच खाली आपण तंबू ठोकतो. एक उपाय म्हणून संशोधकांनी कोंबडीची अंडी मरलेटच्या अंड्यासारखी निळसर-हिरवी रंगवून त्यांत उलटी होईल असे औषध घातले आणि ती रानात ठेवली, म्हणजे तसे अंडे पुन्हा पाहिल्यावर निळा कावळा त्याला चोच लावणार नाही. "पण सगळ्यांत चांगला उपाय तुमच्या हातात आहे," असे म्हणून त्यांनी मेज पुसण्याचे फडके वर करून दाखवले.

परत येताना आई वाटेत थांबली आणि म्हणाली, "जिथे शितं तिथे भुतं. आपल्याकडे म्हणतात ते उगाच नाही." मग थोड्या वेळाने, "एकच अंडं. मग त्याला किती जपायला हवं."

त्या रात्रीची आवराआवर मी कधी विसरणार नाही. भात आणि पिठले झाल्यावर आईने सर्वांना बाकावरून उठू दिले नाही. तिने डोक्याला बांधायचा विजेरीचा पट्टा स्वतःच्या कपाळावर चढवला, पदर खोचला आणि मेजाच्या फळ्यांमधल्या फटींतून काडीने भाताची शिते काढली. एकेक शीत ती ओल्या बोटाने टिपून वाटीत टाकत होती, जसे आमच्या घरी पंगत उठल्यावर खरकटे काढतात. मग मुलांना चटईवरून उठवून चटई घडी करून उचलली आणि तिच्यातला चिवडा पिशवीत झटकला. एक शेवेचा तुकडा आणि दोन डाळे पानांच्या थरात गेले होते. नातवाने तेही शोधून आणले. भांडी नळाखाली घासायची नाहीत, हा नियम तिला आदल्या दिवशी जाचक वाटला होता, कारण नळ समोर असताना भांडी तशीच ठेवणे तिच्या हाताला माहीत नाही. आता तिने भांडी आधी पोळीच्या तुकड्याने पुसली, मग कागदाने, आणि थोड्या पाण्यात विसळून ते पाणी गाळणीतून गाळून खरकटे पाणी ओतण्याच्या ठरलेल्या जागी माझ्या नवऱ्याकडून ओतवून घेतले. गाळणीतला चोथा झाकणाच्या कचरापेटीत गेला. कपाटाची कडी तिने दोनदा ओढून पाहिली. रात्री दहाला शांततेची वेळ सुरू होत असे. आमचे काम दहाला पाच मिनिटे कमी असताना संपले.

रेंजर बाईंनी सांगितले होते की मरलेट दिसणे फार दुर्मीळ आहे, पण सूर्योदयाच्या पाऊण तास आधी मुख्यालयाजवळच्या मोकळ्या कुरणात उभे राहिले तर कदाचित ऐकू येईल. रविवारी पहाटे पाचला मी, बाबा आणि आई तिथे जाऊन उभे राहिलो. झाडांच्या मधोमध आकाशाचा एक फिकट तुकडा होता. बराच वेळ काही नव्हते. मग खूप वरून, 'कीर, कीर' असा बारीक, तीक्ष्ण आवाज आला, पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकला आणि संपला. काही मिनिटांनी पुन्हा एकदा आला. मला काही दिसले नाही. बाबा म्हणाले की त्यांना एक ठिपका दिसला, आणि मी त्यांच्यावर विश्वास ठेवते. आईने मात्र वर पाहिलेच नव्हते. तिने डोळे मिटून हात जोडले होते. समुद्रावरून एका पिल्लासाठी मासा घेऊन कोणीतरी आले होते, एवढे तिला पुरेसे होते.

जागा दुपारी बारापर्यंत सोडायची होती. राख थंड झाली आहे की नाही हे पाणी ओतून, काडीने ढवळून आणि शेवटी तळहात जवळ धरून पाहायचे असते. बाबांनी ते तीनदा केले. बाबांच्या जर्दाळूच्या मोळ्या चादरीखालून जशा गेल्या तशा परत आल्या. घरी पोचल्यावर सामान उतरवण्याआधी आईने भात टाकला. पहिल्या वाफेचे तीन घास तिने आमच्या मागच्या कुंपणावर एका ओळीत ठेवले: शुक्रवारचा, शनिवारचा आणि रविवारचा.

पुढच्या वर्षी, 16 ऑगस्ट 2020 च्या पहाटे, पाऊस न पडता विजा पडल्या आणि सांताक्रूझच्या डोंगरांत आगी लागल्या. दोन दिवसांत आग बिग बेसिनमध्ये शिरली आणि जवळजवळ सगळे उद्यान तिच्या वाटेत आले. ज्या खिडकीवर आम्हांला पत्रक मिळाले ते 1936 साली बांधलेले लाकडी मुख्यालय गेले, मुक्कामाच्या जागा गेल्या. सनीव्हेलला आमच्या अंगणात राख पडत होती. वाईहून आई रोज फोन करून विचारीत असे, आणि तिचा पहिला प्रश्न झाडांचा नसे, "ती अंडी त्या वेळी झाडावर होती का?" हा असे. ऑगस्टमध्ये बहुतेक पिल्ले उडून गेलेली असतात, असे मी तिला सांगितले. पण त्यांच्या रुंद, शेवाळलेल्या फांद्यांचे काय झाले, यावर मला काही सांगता आले नाही.

जुलै 2022 मध्ये उद्यानाचा थोडा भाग दिवसाच्या भेटीसाठी उघडला. आता मुक्काम नव्हता. गाडी लावायच्या जागेचे आरक्षण आधी करून जायचे होते. आम्ही ऑक्टोबरात गेलो. सावली राहिली नव्हती. जिथे दुपारी दिवा लावावासा वाटे तिथे ऊन पडले होते. पण रेडवुड मेले नव्हते. काळ्या बुंध्यांना तळापासून वरपर्यंत हिरवे केस फुटावेत तशी कोवळी पालवी आली होती. सालीखाली कितीतरी वर्षे निजलेले डोळे आगीनंतर फुटतात, आणि त्यांना पोसायला झाड अनेक दशकांपूर्वी साठवलेले अन्न काढते. 'मदर ऑफ द फॉरेस्ट' उभी होती. मुलाने बाबांची सवय उचलली आहे. त्याने सालीवर हात ठेवला आणि काळा झालेला तळहात मला दाखवला.

रेंज नसल्यामुळे आईला फोन साराटोगाला परत आल्यावर लागला. वाईला तेव्हा पहाट होती आणि ती चहा टाकीत होती. मी झाडांचे सांगितले, पालवीचे सांगितले, मुख्यालयाच्या मोकळ्या जागेचे सांगितले.

"आणि ते निळे कावळे?" तिने विचारले.

"होता एक. गाड्या लावायच्या जागेत फिरत होता."

"तुम्ही डबा कुठे खाल्लात?"

"गाडीत बसून, काचा लावून."

"बाहेर काही सांडलं नाही ना?"

"नाही आई," मी म्हणाले, "दार उघडायच्या आधी पोरांचे कपडे झटकून घेतले."